मूळचे कुठले? खान्देश, वंशावळ, दाखले आणि नागरिकत्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, बागलाण, सुरतचं लिंबायत-उधना, आणि पुण्यापासून पार परदेशापर्यंत पांगलेल्या खान्देशी लोकांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवले. "कथाईन उनात भाऊ?" (कुठून आलात भाऊ?) हे लग्नाच्या बैठकीत विचारतात तेव्हा वेगळं, तहसीलच्या खिडकीवर वेगळं, पासपोर्टला वेगळं आणि भांडणात तर फारच वेगळं. एका ठिकाणचं उत्तर दुसरीकडे लावलं की सगळा घोळ होतो, आणि बहुतेकांचा घोळ तिथंच झालेला असतो.

१. कायद्यात "मूळचा भारतीय" अशी काही व्याख्या आहे का?

नाही. राज्यघटनेत आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात "नागरिक" आहे, "मूळचा नागरिक" आणि "नंतरचा नागरिक" असे दोन दर्जे नाहीत. नोंदणी करून नागरिक झालेल्या माणसाला मत देता येतं, निवडणूक लढवता येते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष व्हायला जन्माने नागरिक असावं लागतं, आपल्याकडे राष्ट्रपतीपदासाठी घटनेच्या कलम ५८ मध्ये "भारताचा नागरिक" एवढंच लिहिलंय.

आजा-पणजा घटनेत येतातच नाहीत असं मात्र नाही. फाळणीनंतर तिकडून आलेल्यांसाठी कलम ६ आहे, त्यात स्वतःचा, आईवडिलांचा किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा जन्म अखंड भारतात झालेला असावा आणि १९ जुलै १९४८ च्या आधी येऊन इथं राहिलेला असावा, नंतर आला असेल तर नोंदणी झालेली असावी, असं आहे. जळगावच्या सिंधी कॉलनीतल्या जुन्या घरांचा भारतीय असण्याचा कायदेशीर पाया हाच, आणि तो तुमच्या-माझ्या पायापेक्षा तसूभरही कच्चा नाही.

२. माझा जन्म १९८५ चा, बहिणीचा १९९० चा, मुलाचा २०१० चा. तिघांना वेगवेगळे नियम का?

कारण कायदा मधे दोनदा बदलला. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत जो भारतात जन्मला तो नागरिक, आईबाप कुणीही असोत (परदेशी वकिलातीतल्या लोकांची मुलं वगैरे अपवाद सोडून). १ जुलै १९८७ पासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्म असेल तर आई किंवा वडील यातलं एक जण नागरिक हवं. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे एक नागरिक हवा आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. पहिल्या बदलामागे आसाम आंदोलन आणि १९८५ चा आसाम करार होता.

म्हणजे आपल्याकडे आधी मातीवरून ठरायचं आणि आता बरंचसं रक्तावरून ठरतं. मला व्यक्तिशः पहिला नियम जास्त माणुसकीचा वाटतो, पण आज लागू आहे तो हा.

३. आधार, मतदार कार्ड, रेशन कार्ड, यातला नागरिकत्वाचा पुरावा कोणता?

आधार तर नक्कीच नाही, आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच तसं लिहिलंय. रेशन कार्ड धान्यासाठी. मतदार यादीत नाव फक्त नागरिकाचंच येऊ शकतं, पण त्या कार्डावर सगळा भरवसा ठेवून बसू नका. जन्माचा दाखला, आईवडिलांचे जुने कागद, शाळेचा दाखला, पासपोर्ट हे सगळं एकत्र सांभाळा. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मतारीख आणि जन्मठिकाण याला जन्मदाखला हाच एकमेव पुरावा धरला जातो, जन्माची नोंद कुठं आणि किती दिवसांत करायची ते प्रश्न १५ मध्ये आहे.

४. डोमिसाईल मिळालं म्हणजे मी महाराष्ट्राचा मूळ रहिवासी झालो का?

डोमिसाईल म्हणजे साधारण १५ वर्षं तुम्ही महाराष्ट्रात राहताय याचा कागद, बस. त्यात आजोबा, पणजोबा, भाषा काही येत नाही. भुसावळला रेल्वेत लागलेल्या आणि तिथंच स्थायिक झालेल्या बिहारच्या माणसाच्या मुलीला तो मिळतो, आणि ज्याचे पणजोबा एरंडोलला पुरलेत पण जो स्वतः सुरतला जन्मला-वाढला त्याला मिळत नाही, आणि तो माणूस मग फार चिडून मेसेज करतो. त्याचा राग समजतो, पण तो कागद मुळाचा नाहीच, तो राहण्याचा आहे. सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये प्रदीप जैन प्रकरणात सांगितलंय की भारतात डोमिसाईल एकच, ते भारताचं, राज्याराज्याचं वेगळं नसतं. शिक्षणाच्या सीटसाठी राज्यं रहिवासाची अट घालतात ती वेगळी गोष्ट.

५. खान्देशात सगळ्यात आधी कोण राहत होतं?

चाळीसगावजवळच्या पाटणेला उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडलेत, आणि एका कवचाच्या तुकड्यावर जाळीसारख्या आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या आहेत. साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचं काम. शहामृग इथं होता हे ऐकूनच बऱ्याच जणांना नवल वाटतं. नंतर शेती करणारी गावं आली, तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे, गिरणाकाठचं बहाळ, आणि तापीकाठच्या सावळदा गावावरून तर एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळालं.

आता खरा मुद्दा. त्या रेघा कोरणाऱ्या माणसाची भाषा कोणती, जात कोणती, तो कुणाचा पणजोबा, हे त्या कवचावरून सांगता येत नाही. कुणी आपल्या समाजाचं नाव त्याला चिकटवत असेल तर त्याला आधार नाही. आज जे समाज आहेत त्यांच्यात भिल्ल सगळ्यात जुन्यांपैकी, असं मात्र बरेच अभ्यासक मानतात.

६. आजोबा सांगायचे आपण गुजरातेतून आलो. मग आम्ही खान्देशी नाही का?

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि तो विचारणाऱ्याच्या आवाजात कुठंतरी अपराधी भाव असतो तो मला अजिबात आवडत नाही.

जरा आजूबाजूला बघा. लेवा पाटीदार आणि गुजर समाजांच्या परंपरेत गुजरातेतून आल्याच्या आठवणी आहेत. राजपूत घराणी राजस्थान-माळव्याकडे बोट दाखवतात. मारवाडी-जैन व्यापारासाठी आले, बंजारा तांडे मालाची वाहतूक करत आले आणि इथंच थांबले. पावरा सातपुड्याच्या पलीकडून उतरले असं सांगतात. फारुकी सुलतानांच्या थाळनेर-बऱ्हाणपूरच्या राज्यात सैनिक, विणकर, फकीर आले, १६०१ ला अकबराने असीरगड घेतला तेव्हा मुघलांबरोबर आणखी आले. मग १८०३-०४ चा दुष्काळ आणि होळकर-पेंढाऱ्यांच्या धाडी, त्यात गावंच्या गावं ओस पडली. १८१८ ला इंग्रजांचा अंमल बसला तेव्हा सुपीक काळी जमीन पडीक होती आणि कसायला माणूस नव्हता, म्हणून सवलती देऊन बाहेरून शेतकरी बोलावले. १८६० च्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, आणि माणसांची आणखी एक लाट आली.

आणि या सगळ्या लोकांनी इथली भाषा घेतली नाही फक्त, तर घडवली. अहिराणीत आज जो गुजराती-राजस्थानी वळणाचा गोडवा आहे तो कुठून आला? आसोद्याच्या बहिणाबाईंची लेवा गणबोली घ्या, तिच्याशिवाय खान्देशची कल्पना तरी करता येते का? सात पिढ्या तापीचं पाणी पिऊन, इथल्या मातीत घाम गाळून, कानबाई देवीला रोट करून माणूस खान्देशी होत नसेल तर मग कुणीच होत नाही. गुजरातेतून आलो हे अभिमानाने सांगा, आणि खान्देशी आहोत हेही तितक्याच जोरात.

फक्त एक गोष्ट सोबत सांगत जा. जी जमीन "पडीक" म्हणून वाटली गेली ती सगळीच बिनमालकाची नव्हती. डोंगर, जंगल, चराई यावर भिल्लांचा वावर होता, त्यांचे गिरास (गावांकडून मिळणारा वसूल) आणि जागल्या (गावराखण) यांसारखे हक्क होते, ते मोडले तेव्हा त्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला, म्हणून तर इंग्रजांना १८२५ ला भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांचीच पलटण, उभी करावी लागली. १८५७-५८ ला खाज्या नाईकांचा उठाव आणि अंबापाणीची लढाई झाली ती याच डोंगरात. आपल्या घराण्याची गोष्ट सांगताना हे पान गाळू नये असं माझं ठाम मत आहे.

७. आदिवासी म्हणजेच मूळनिवासी ना? सरकार मग तसं का मानत नाही?

घटनेत शब्द "अनुसूचित जनजाती" असा आहे, आणि ती यादी राज्यवार आहे. संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ ला मूळनिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा केला, भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण भूमिका अशी घेतली की स्वातंत्र्यानंतर सगळेच भारतीय इथले मूळनिवासी. म्हणजे मत दिलं आणि लागू कुणालाच वेगळं केलं नाही.

सुप्रीम कोर्टाचा ५ जानेवारी २०११ चा कैलास विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आवर्जून माहीत असावा. अहमदनगर जिल्ह्यात एका भिल्ल बाईला मारहाण करून नग्न धिंड काढली होती, ते प्रकरण. कोर्टाने आरोपींची शिक्षा कायम ठेवलीच, शिवाय लिहिलं की भारत हा बहुतांशी बाहेरून आलेल्यांच्या वंशजांचा देश आहे आणि भिल्लांसारखे आदिवासी बहुधा इथल्या मूळ रहिवाशांचे वंशज आहेत. पण हे निरीक्षण आहे, यावरून कुणाला दाखला मिळत नाही. ज्या हक्कांवर खरोखर बोट ठेवता येतं ते म्हणजे पाचवी अनुसूची (अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर वगैरे तालुक्यांत पूर्ण किंवा काही भाग), पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), वनहक्क कायदा आणि आदिवासी जमिनीचं संरक्षण.

तडवी भिल्लांबद्दल पण विचारतात. धर्म मुस्लिम, तरी अनुसूचित जमातीत, कारण जमातीला धर्माची अट नाही. अनुसूचित जातीला आहे.

८. आम्ही आदिवासी नाही पण तीन पिढ्या जंगलजमीन कसतोय. आमचा हक्क?

वनहक्क कायदा २००६ मध्ये "इतर पारंपरिक वननिवासी" म्हणून दावा करता येतो. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, एक पिढी २५ वर्षांची धरून ७५ वर्षं, तुम्ही तिथं राहत होता आणि जगण्यासाठी त्या जंगलावर अवलंबून होता हे दाखवायचं. आदिवासी असेल तर त्याला ७५ वर्षांची अट नाही. पुरावा शोधायचा कसा ते प्रश्न १० मध्ये.

९. डीएनए टेस्ट केली, त्यात बाहेरच्या देशांचे टक्के आले. आता?

आता काही नाही. भारतातल्या बहुतेक सगळ्या लोकांत ढोबळमानाने तीन प्रवाह मिसळलेत, इथले अतिप्राचीन शिकारी-अन्नसंकलक, इराणकडच्या लोकांशी नातं असलेले, आणि गवताळ स्टेपी प्रदेशातून आलेले. प्रमाण कमीजास्त, पण मिसळ सगळ्यांत, ब्राह्मणात पण आणि भिल्लात पण. कंपनी जे टक्के देते ते तिच्याकडच्या नमुन्यांशी तुलना करून देते, नमुने बदलले की टक्के बदलतात. त्या रिपोर्टवर जात, जमात, नागरिकत्व यातलं काहीच ठरत नाही, कृपया दाखल्याच्या फाईलला जोडू नका, लोक खरंच जोडतात.

१०. वंशावळ शोधायची कशी? कुठून सुरुवात करू?

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून, आणि आजच. आजीला विचारा, आजोबांना नंतर, कारण कोण कुणाची सोयरी, कोणत्या दुष्काळात कोण कुठं गेलं, हे बायांना जास्त पाठ असतं.

मग कागद. वडील-आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची नक्कल, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. त्यात बहुतेक वेळा आडनाव नसतं, नुसतं "नथू वल्द दगा" असं, पुढे जात, तीसुद्धा कधी कधी "कु." (कुणबी) एवढ्या एका अक्षरात, कागद तपकिरी पडलेला आणि कडा हाताला लागली की झडते. खूप जुनी नोंद मोडीत असते, वाचायला जाणकार लागतो. जमीन असेल तर सातबारा, जुने फेरफार, पाहणीपत्रक, वारस नोंदी. फेरफार हे सोनं आहे, कारण माणूस मेला की वारसांची नावं ओळीने येतात.

जिल्ह्याचं नाव बघून गडबडू नका. १९०६ पर्यंत अख्खा एकच खान्देश जिल्हा होता, मग पूर्व खान्देश म्हणजे आजचं जळगाव आणि पश्चिम खान्देश म्हणजे धुळे, त्यातून १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला. मुक्ताईनगर जुन्या कागदात एदलाबाद म्हणून सापडेल.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळीच्या वह्या असतात. गाव, जात, आडनाव सांगितलं की ते वही काढतात, आणि त्यात तुमच्या पणजोबांनी अमक्या साली दशक्रियेला येऊन केलेली सही किंवा उठवलेला अंगठा दिसतो. काही समाजांचे भाटही पिढ्यांच्या पोथ्या राखतात. ऑफिसात या वह्यांना सरकारी नोंदीइतकं वजन नसतं, पण दुवा जुळवायला फार कामाच्या.

वंशावळीच्या शपथपत्रात फक्त बापाची बाजू मागतात. घरासाठी जी बनवाल त्यात आयांची, आज्यांची नावं आणि त्यांची माहेरची गावं नक्की लिहा, निम्मं कूळ तिकडून आलेलं असतं.

११. जातीच्या दाखल्यात १९५०, १९६१, १९६७ या तारखा कशाच्या?

तुमचे पूर्वज त्या तारखेला महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत कायमचे राहत होते का, हे बघायच्या तारखा. अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमाती २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी १३ ऑक्टोबर १९६७. दाखला तुम्ही आज जिथं राहता तिथून निघत नाही, त्या तारखेला पूर्वज जिथं होते त्या तालुक्याच्या प्रांत ऑफिसातून निघतो. पुण्यात जन्मलेल्या मुलाला अमळनेरच्या चकरा माराव्या लागतात त्या यामुळे.

जमातीच्या व्हॅलिडिटीत, म्हणजे दाखल्याच्या पडताळणीत, स्वातंत्र्यापूर्वीच्या नोंदीला सगळ्यात जास्त वजन. चालीरीती, बोली, देवदेवता विचारून जी "आप्तभाव चाचणी" घेतात ती एकटी निर्णायक नाही, असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. शहरात वाढलेल्या पोराला डोंगऱ्यादेवाचं गाणं आलं नाही म्हणून तो परका होत नाही, हे कोर्टाने मान्य केलं ते फार बरं झालं.

१२. हैदराबाद गॅझेटवरून आम्हाला कुणबी दाखला मिळेल का?

ते निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं जुनं गॅझेट, मराठवाड्यासाठी. तेव्हा खान्देश निजामाकडे नव्हता, १८१८ पासून मुंबई इलाख्यात होता. तुमची नोंद कोतवाल बुक, शाळा रजिस्टर, महसुली कागदातच शोधावी लागेल, प्रश्न १० बघा. खान्देशात अशा नोंदी भरपूर सापडतात.

१३. तीन पिढ्या सुरतला आहोत. आमचा महाराष्ट्रातला एससी/एसटी दाखला गुजरातेत चालेल का?

राज्याच्या नोकरीला आणि सीटला नाही. १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एका राज्यातून दुसऱ्यात गेलेल्याला मूळ राज्याचा दर्जा सोबत नेता येत नाही, दोन्हीकडे त्याच नावाची जात यादीत असली तरी. केंद्राच्या नोकऱ्या आणि संस्थांत चालतो.

यातला खरा फास असा की गुजरातेत जातीमुळे अडकता आणि महाराष्ट्रात परत यावं तर डोमिसाईलमुळे (प्रश्न ४). मुलगा दोन्हीकडे ओपनमध्ये. हातमाग-पॉवरलूमवर, हिरे घासायच्या घंटीवर, उधन्याच्या कारखान्यांत आयुष्य घातलेल्या माणसांच्या नातवंडांवर हा अन्याय आहे असं मी उघड म्हणतो. तोवर एवढंच करता येतं, की मुलाचं शिक्षण कुठं करायचं हे दहावीच्या आधी ठरवा, बारावीनंतर नाही. बाकी सुरतेत खान्देशी माणूस परका राहिलाय असं कुणी समजू नये, जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकराऊतला जन्मलेले सी. आर. पाटील गुजरात भाजपचे अध्यक्ष आणि पुढे केंद्रात मंत्री झाले.

१४. मुलगा परदेशी नागरिक झाला. गावच्या शेतीचं काय? आणि तो भारतीय राहिला का?

परदेशी नागरिकत्व स्वतःहून घेतलं त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, पासपोर्ट सरेंडर करावा लागतो. ओसीआय कार्ड घेता येतं, त्यावर आयुष्यभर येता-जाता येतं, पण मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली शेती मात्र त्याची राहते, म्हणून घाबरून भावकीच्या नावावर करून टाकू नका. ओसीआय पणतवंडापर्यंत मिळतं, पूर्वज २६ जानेवारी १९५० ला किंवा नंतर भारतीय नागरिक होता (किंवा त्या दिवशी व्हायला पात्र होता) हे दाखवलं की झालं. स्वतः किंवा आईवडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांपैकी कुणी पाकिस्तान किंवा बांगलादेशाचं नागरिक कधी राहिलं असेल तर नाही.

"तो आमचा राहिला का" असं एका आईने विचारलं होतं. माउली, कायद्याने परदेशी झाला, तुमचा कशाला परका होईल.

१५. आम्ही ऊसतोडीला बारडोलीकडे जातो, बाळ तिकडंच झालं. त्याचं मूळ गाव कोणतं लिहायचं आणि जन्माची नोंद कुठं?

नोंद जिथं जन्म झाला तिथंच, म्हणजे गुजरातेतल्या त्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा सरकारी दवाखान्यात. गावी परतल्यावर इथं करू असं ठरवून पुष्कळ जण सोडून देतात, आणि इथला ग्रामसेवक ती करूच शकत नाही. २१ दिवसांत फुकट होते. ३० दिवसांपर्यंत थोडी लेट फी. त्यानंतर वर्षापर्यंत वरच्या निबंधकाची परवानगी, आणि वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, म्हणजे मजुरी बुडवून परराज्यात चकरा.

जन्मठिकाण गुजरात आलं म्हणून बाळाची जात, जमात, गाव काही बदलत नाही. वडिलांच्या बाजूच्या नोंदीवरून दाखला खान्देशातल्याच तालुक्यातून निघतो (प्रश्न ११). फॉर्मवर कायमचा पत्ता म्हणून आपलं गाव लिहा, आईचं पूर्ण नाव आधारवर आहे तसंच लिहून घ्या, आणि बाळंतपण कोपीवर (तोडीच्या झोपडीत) झालं असेल तर तिथल्या आशाताईला किंवा मुकादमाला सोबत घेऊन त्याच आठवड्यात नोंद करा. पट्टा पडायची, म्हणजे हंगाम संपायची, वाट बघू नका.